दिव्यात पाणी, रस्त्यावर अंधार

मृग जवळ आला की आपल्या जिल्ह्यातला शेतकरी बियाण्याची, खताची, आवणीला लागणाऱ्या माणसांची जुळवाजुळव करू लागतो. ज्याच्या दारात पिकअप किंवा छोटा हत्ती उभा आहे तो टायर बघतो, वायपरचे रबर बदलतो, ताडपत्रीची भोके शिवून घेतो. हेडलाइटकडे मात्र कोणी पाहत नाही. लागतो ना, मग झाले! आणि पहिला जोराचा पाऊस पडून गेला की सकाळी काचेला आतून घाम सुटलेला दिसतो, खालच्या कोपऱ्यात बोटभर पाणी साचलेले असते, आणि रात्री मुरबाडहून कल्याणला भाजी घेऊन निघावे तर समोर उजेड पडतो तो कंदिलासारखा, पिवळट आणि पसरट.

हेडलाइटमधले पाणी हा मोटारवाल्या शहरी लोकांचा विषय आहे, ग्रामीण पानावर त्याला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे मत नेमके उलटे आहे. ठाण्यात, डोंबिवलीत रस्त्यावर खांबाखांबाला दिवे आहेत. तिथे गाडीचा दिवा समोरच्याला आपण दिसावे एवढ्यापुरता. तो अंधूक झाला तरी फारसे अडत नाही, गाडीची शोभा तेवढी जाते. कल्याण सोडून म्हारळ, वरप, कांबा मागे टाकले, रायत्याचा पूल ओलांडून गोवेलीच्या पुढे गेले, की मग ज्याच्या त्याच्या गाडीचा दिवा हाच उजेड. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, पुढे माळशेज. किंवा तिकडे शहापूर, किन्हवली, डोळखांब. या रस्त्यांवर अर्ध्या उजेडाची गाडी म्हणजे अर्धी आंधळी गाडी. तरी हेडलाइटच्या पाण्याची तक्रार शोरूममध्ये जाऊन करतो तो डोंबिवलीकर. मुरबाडकर फडक्याने बाहेरून काच पुसतो आणि निघतो.

पावसाळ्यातल्या रात्री या रस्त्यांवर कोण असते ते आठवून पाहा. काकडी, शिराळी, कारली, दुधी अशा मांडवावरच्या भाज्या कल्याणच्या बाजार समितीत पहाटेच्या बाजाराला पोचायच्या म्हणून टेंपो मध्यरात्रीनंतर निघतात. दूधवाले निघतात. शेवळे, कुर्डू, टाकळा, कंटोळी घेऊन कातकरी आणि ठाकर बाया पहिली एसटी किंवा आसनगाव-वाशिंदची लोकल गाठायला अंधारातच चालू लागतात. संध्याकाळी आवणी आटोपून घरी परतणारी माणसे डांबरी रस्त्याच्या कडेने चालत असतात, अंगावर काळ्या-निळ्या प्लास्टिकचा घोंगता, डोक्यावर भारा. रस्त्याला फूटपाथ नाही, साइडपट्टी चिखलाची. माणूस डांबरावरच चालणार. त्यात शेतात पाणी आणि गोठ्यात माश्या म्हणून गुरे येऊन बसतात ती कोरड्या, उबदार डांबरावर. काळी म्हैस, ओला काळा रस्ता आणि अंधूक दिवा!

आता थोडा हिशेब. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरांहून जास्त जाते. समोर काही आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. पुढे ओल्या रस्त्यावर, टायर चांगले असले तरी, गाडी उभी राहायला सगळे मिळून 50 मीटरांच्या आसपास लागतातच; भरलेल्या गाडीला आणि झिजलेल्या टायरला त्याहून जास्त. म्हणजे दिवा उत्तम असला तरी डिपरवर गडद कपड्यातला माणूस दिसायचा आणि गाडी थांबायची, यांत फार अंतर शिल्लक नसते. जे काही चार-पाच मीटर हाती असतात ते दिव्यातले पाणी खाऊन टाकते.

हे पाणी येते कुठून? दिवा म्हणजे बंद डबा असे आपण समजतो. तसा तो नसतो. दिवा लागला की आतली हवा तापते आणि फुगते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर काचेचा सांधाच उखडेल. म्हणून कारखान्यातूनच दिव्याच्या पाठीला श्वास घ्यायला वाट ठेवलेली असते. कुठे रबराची वाकडी नळी, कुठे छोटी टोपी, तर बऱ्याच नव्या गाड्यांत हवा सोडणारा पण पाण्याचा थेंब अडवणारा एक पातळ पांढरा पडदा. गाडी चालताना हवा बाहेर जाते. दिवा बंद होऊन थंड झाला की तेवढीच हवा परत आत ओढली जाते. उन्हाळ्यात ही हवा कोरडी असते. आपल्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ती ओलाव्याने भरलेली. त्यात काच बाहेरून पावसाने गार पडलेली. मग थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे पाणी सुटते, तसे काचेला आतून सुटते.

त्यामुळे पातळ वाफ धरली म्हणजे दिवा बिघडला असे नाही. दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर ती निघून गेली, तर चिंता करू नये. काचेवर थेंब जमत असतील, ओघळ येत असतील, तळाला पाणी हलताना दिसत असेल किंवा दोन दिवस उघाड मिळूनही वाफ जात नसेल, तर मात्र पाणी श्वासाच्या वाटेने नव्हे, भलत्याच वाटेने येते आहे. ‘दादा, ते नॉर्मल आहे, सगळ्याच गाड्यांना येतं,’ हे उत्तर पहिल्या प्रकाराला खरे आहे, दुसऱ्याला खोटे. आणि उत्तर देणारे दोन्हींना तेच देतात, ही खरी अडचण आहे.

पूर्वी हा त्रास एवढा नव्हता, असे जुने ड्रायव्हर सांगतात. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत 1940 पासून ‘सील्ड बीम’ दिवे सक्तीचे होते. काच, आरसा आणि आतली तार मिळून एकच बंद गोळा. त्यात ओल शिरायला जागाच नाही, तार गेली की गोळा फेकायचा. 1983 मध्ये तिथल्या सरकारने बदलत्या बल्बच्या दिव्यांना परवानगी दिली आणि मग गाडीगाडीप्रमाणे दिव्याचा आकार बदलू लागला. आपल्याकडेही जीप, अँबॅसडर, पद्मिनी यांचा सात इंची गोल दिवा कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळे आणि एका गाडीचा दुसरीला बसे. तोही गळायचा, नाही असे नाही, पण रबर बदलून काम भागायचे. कित्येक ट्रॅक्टरांचे अजून तसेच भागते. आता काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक आले. ते वजनाला हलके आहे, दगड लागून तडकत नाही. पण उन्हाने पिवळे पडते, आणि ते डिंकासारख्या लुकणाने पाठीच्या डब्याला चिकटवलेले असते. पाच-सात उन्हाळ्यांनंतर ते लुकण सुकते, कुठे तरी केसाएवढी फट पडते.

गंमत म्हणजे नव्या एलईडी दिव्यात वाफ आणखी रेंगाळते. हॅलोजन बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त फेकतो, त्यामुळे काच तापून कोरडी होते. एलईडीची उष्णता पाठीमागच्या पत्र्याकडे जाते, पुढची काच गारच राहते. तेव्हा एलईडीवाल्याने पाऊण तासात वाफ गेली नाही म्हणून लगेच घाबरू नये. थेंब आणि तळाचे पाणी ही खूण मात्र त्यालाही लागू आहे.

पाण्याने नुकसान काय होते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘उजेड थोडा कमी पडतो’ एवढ्यावर ते थांबत नाही. एक तर काचेवरच्या प्रत्येक थेंबावर उजेड फुटतो. डिपरचा झोत खाली, डावीकडे झुकलेला असावा म्हणून दिव्याची सगळी घडण केलेली असते. थेंबांनी तो झोत विस्कटतो. रस्त्यावर पडायचा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही. माळशेजच्या धुक्यात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. दुसरे, आतल्या आरशावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. ओलीने तो काळवंडतो, पोपडे धरतो. एकदा तो गेला की नवीन बल्ब घाला नाही तर काहीही करा, उजेड परत येत नाही. तिसरे नुकसान डोळ्याला दिसत नाही. होल्डरच्या पितळी पिनांना हिरवा गंज चढतो आणि बल्बपर्यंत वीज पुरी पोचत नाही. 12 व्होल्टच्या जागी 11 पोचले तरी हॅलोजन बल्बचा उजेड सुमारे पाव हिश्श्याने घटतो. ड्रायव्हर म्हणतो बॅटरी उतरली. बॅटरी ठणठणीत असते!

आणि मग माणूस करतो काय, तर शंभर वॅटचा बल्ब टाकतो.

हा उपाय नव्हे, आगीशी खेळ आहे. गाडीचा होल्डर, वायर आणि दिव्याच्या पाठीचे रबर हे 55-60 वॅटच्या हिशेबाने केलेले असतात. मोठ्या बल्बच्या उष्णतेने होल्डर वितळतो, रबर कडक होऊन तडकते, आणि त्या तडकलेल्या रबरातून दुसऱ्या पावसाळ्यात दुप्पट पाणी येते. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

त्याहून जास्त चालणारा उपाय म्हणजे सिलिकॉन. गॅरेजात गाडी नेली की पोऱ्या सिलिकॉनची नळी घेऊन येतो आणि दिव्याच्या कडेने, पाठीने, जिथे फट दिसेल तिथे लेप मारतो. काही ठिकाणी एम-सील. पाच मिनिटांत काम, पैसे थोडे, मालक खूश. पण आत पाणी असतानाच बाहेरून लिंपले तर ते पाणी आतच कोंडले जाते. आणि लिंपणाऱ्याने घाईत श्वासाची नळीही बुजवली, जी बहुतेकदा बुजवली जातेच, तर दिवा तापताना आतला दाब कुठून तरी वाट काढतो, सांध्याला नवी फट पडते आणि थंड होताना त्याच फटीतून चाकाने उडवलेले चिखलपाणी आत ओढले जाते. मडक्याचे तोंड बांधून तळाला भोक पाडावे तसा हा प्रकार आहे. आमचा सिलिकॉनवर राग नाही. फट कुठे आहे हे शोधून, दिवा पूर्ण वाळवून, तेवढ्याच जागी लावले तर ते चांगले काम देते. न शोधता फासणे हा मात्र गिऱ्हाइकाला फसवण्याचा सभ्य मार्ग आहे. असेच दुसरे एक तंत्र म्हणजे तापवलेल्या खिळ्याने दिव्याच्या तळाला भोक पाडणे. पाणी निघून जाते खरे, पण मार्चपासून त्याच भोकातून आपल्या रस्त्यांची लाल धूळ आत जाते आणि आरशावर बसते. ती पुसता येत नाही, कारण फडके लावले की मुलामाच निघतो.

मग करावे काय? काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. आधी बॉनेट उघडून दिव्याच्या पाठीला बल्बवरची रबरी किंवा प्लास्टिकची टोपी जागेवर आहे का ते पाहा. दहातल्या कित्येक तक्रारी इथेच संपाव्यात असे आमचे मत आहे, कारण बल्ब बदलताना ती टोपी काढली जाते आणि परत लावताना तिरकी बसते किंवा लावायचीच राहते. रात्री रस्त्याच्या कडेला मोबाइलच्या उजेडात बल्ब बदलला की हमखास. रबर तडकले असेल तर बदला. मग श्वासाची नळी शोधा, तिच्यात चिखल किंवा कुंभारणीचे घर असते, ते काढा. एवढ्यावर गळती थांबली नाही तर दिवा सोडवून बाहेर काढावा, बल्ब आणि टोपी काढून कोरड्या जागी पालथा ठेवावा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही म्हणून काही जण चुलीशी धरतात. प्लास्टिक वाकते, तसे करू नये. केस वाळवायचा ड्रायर लांबून, कमी उष्णतेवर फिरवला तर चालतो. घाई नको, एक रात्र जाऊ द्यावी. वाळल्यावर सगळी तोंडे बंद करून सांध्यावरून हळू पाणी सोडून पाहावे आणि थेंब नेमका कुठून शिरतो ते हेरावे. तेवढ्या जागी लुकण. परत बसवताना बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नये, बोटाच्या तेलाने तो लवकर जातो.

मिठाच्या बरणीत आपल्या घरच्या बाया तांदळाचे दाणे टाकतात, ओल धरू नये म्हणून. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दिव्यात टाकणे हे त्याच जातीचे. थोड्या वाफेला उपयोग होतो, गळक्या दिव्याला नाही. पुडी ओल पिऊन भरली की तिचे काम संपले. आणि ती आत सुटी टाकली तर गाडीच्या हादऱ्याने सरकत तापलेल्या बल्बला जाऊन चिकटते. टोपीच्या आत, बल्बपासून लांब, घट्ट बांधूनच ठेवावी.

आणखी एक सवय सोडायला हवी. बाजारातून परत आल्या आल्या, दिवे तापलेले असताना गाडी जेटच्या पाण्याने धुणे. तापलेला दिवा गार पाण्याने एकदम आखडतो आणि त्याच क्षणी जेटचे पाणी सांध्यावर आपटते. त्याला याहून चांगले आमंत्रण कोणते?

हे झाले पावसाच्या पाण्याचे. पुराचे पाणी निराळे. उल्हास, काळू, भातसा यांच्या काठची माणसे ते जाणतात. 26 जुलै 2005 ला कल्याण-बदलापूर पट्ट्यात उल्हासने काय केले ते सांगायला नको. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. 2021 च्या जुलैतही नदी गावांत शिरली. अशा पुरात उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू होते, इंजिनाचे तेल बदलले जाते, सीट वाळवल्या जातात, पण दिव्यात गढूळ पाणी शिरून गाळाचा थर बसतो तो राहतो. तो वाळण्याआधी दिवा काढून आत स्वच्छ पाणी घालून हलवून दोन-तीनदा ओतून टाकावे, शेवटचे खळाळणे बॅटरीच्या पाण्याने करावे म्हणजे डाग राहत नाहीत, आणि मग वाळवावे. आत बोट किंवा कापूस घालू नये.

इथे विम्याची एक गोष्ट मालवाहू गाडीवाल्यांना सांगितलीच पाहिजे, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर पुराने झालेल्या नुकसानीचा रुपयाही मिळत नाही, हे बहुतेकांना कळते. पण पूर्ण विमा घेतला म्हणून दिव्यांची भरपाई मिळेल असेही नाही. मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत साधारणपणे दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर आणि रंग यांचे नुकसान वगळलेले असते. सबंध गाडीच निकामी झाली तर गोष्ट वेगळी. हे वगळलेले परत आत घ्यायचे तर जादा हप्ता भरून ‘आयएमटी 23’ हे कलम पॉलिसीला जोडून घ्यावे लागते, आणि तरीही गाडीचे बाकी नुकसान त्याच वेळी झालेले असावे लागते. खासगी मोटारीला ही कात्री नाही. म्हणजे डोंबिवलीच्या सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीचा दिवा विम्यात आणि शेतमाल वाहणाऱ्या पिकअपचा दिवा विम्याबाहेर! एजंट हे आपणहून सांगत नाही. पॉलिसी काढताना विचारावे, आणि कागदावर 23 हा आकडा आहे का ते पाहावे.

डोंबिवलीचे नाव निघाले म्हणून एक अवांतर. शहरातल्या गाडीचे दुखणे दुसरे आहे. ती आठवडाभर सोसायटीच्या आवारात उघड्यावर भिजत उभी राहते, दिवा तापतच नाही, वाफ जाणार कशी? मग श्रावणातल्या रविवारी तीच गाडी धबधबे पाहायला माळशेजला निघते, आणि परतीला अंधार पडतो तेव्हा घाटात तिचा फुटका झोत आमच्या टेंपोवाल्याच्या तोंडावर येतो. शहरवाल्यांनी आठवड्यातून एकदा तरी दिवे लावून गाडी अर्धा तास फिरवावी. नुसते उभ्या जागी दिवे लावून ठेवले तर बॅटरी उतरेल.

आता मुद्द्याचे बोलू. टोपी हरवली, रबर तडकले, तर ते सुटे मिळाले पाहिजे. जुन्या गोल दिव्याचे मिळत होते. नव्या गाडीला कित्येकदा सांगितले जाते की सुटी टोपी येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या. चार बोटांच्या रबरासाठी सबंध दिवा घ्यायचा म्हणजे हंगामातल्या एका खेपेचे पैसे गेले. साहजिकच माणूस सिलिकॉनकडे वळतो. त्याला दोष कसा द्यावा? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, त्यासाठी पोर्टलही सुरू केले, आणि त्यात शेती अवजारे व मोटारगाड्या ही दोन्ही क्षेत्रे घेतली. हेतू चांगला. पण मुरबाडच्या पार्टच्या दुकानात रबराची टोपी टांगलेली दिसेल तेव्हा तो हक्क आमच्यापर्यंत पोचला असे म्हणू. गाडीवाल्यांच्या संघटनांनी भाडेवाढीबरोबर ही मागणीही लावून धरायला हरकत नाही.

दुसरे, फिटनेस. मालवाहू गाडीला पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावे लागते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत समोरच्या दिव्याचा झोत खाली झुकलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, आणि दिवा तसा ठेवला जावा, असे आहे. पण ज्या गाडीची तारीख फेब्रुवारी-मार्चला येते तिचा दिवा त्या दिवशी कोरडा ठणठणीत असणार. जुलैत त्याचे काय होते हे त्या कागदाला कळत नाही. तपासताना दिव्याच्या पाठीची टोपी आणि रबर पाहिले, तळाला पाण्याचा सुकलेला डाग आहे का ते पाहिले, तर उन्हाळ्यातही गळका दिवा ओळखू येतो. दोन मिनिटांचे काम आहे. कल्याणच्या एमएच 05 वाल्यांनी ते मनावर घ्यावे. मात्र त्याचा दंड करू नये. दंड लावला की दुरुस्ती होत नाही, चिरीमिरी सुरू होते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. कागदावर शेरा मारावा आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी.

तिसरी सूचना बाजार समितीला. रात्री कल्याणच्या आवारात गाड्या माल उतरवायला रांगेत उभ्या असतात, ड्रायव्हर बिड्या फुंकत बसलेले असतात. एक भिंत पांढरी करावी आणि तिच्यापासून सात-आठ मीटरांवर जमिनीवर रेघ मारावी. रेघेवर गाडी उभी करून डिपर लावला की दोन्ही दिव्यांचा उजेड भिंतीवर शेजारी शेजारी पडतो. चांगल्या दिव्याची वरची कड कापल्यासारखी दिसते, पाणी धरलेल्याची विरघळल्यासारखी. ड्रायव्हरला सांगावे लागत नाही, त्यालाच कळते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग असतो, ती पोरे दोन रात्री तिथे आणून बसवली तर टोपी, रबर, नळी एवढे काम जागच्या जागी होईल आणि त्यांचा हातही बसेल. सुट्या रबराचा खर्च गाडीवाला आनंदाने देईल. समितीच्या खर्चात हे कुठे दिसणारही नाही.

हे काम रोहिणीत व्हायला हवे. मृगाचा पाऊस पडला की राबाकडे बघायचे का दिव्याकडे, असा प्रश्न येतो, आणि त्यात दिवा हरतो हे ठरलेले आहे.